बुयाबेसचा रस्सा एकजीव व्हायला हवा असेल तर

मासळीचं कालवण मंद आचेवर ठेवायची आपली सवय बुयाबेस करताना बाजूला ठेवा. फ्रान्समधल्या मार्से बंदराच्या या मासळीच्या रश्श्यात ऑलिव्ह तेल आणि पाणी मिळून यावं लागतं, आणि ते खळखळून उकळल्याशिवाय होत नाही. आच कमी पडली की तेलाचा तवंग वर तरंगतो.

दुसरी गरज काटे आणि डोक्यांची. त्यातला चिकटपणा रश्श्याला अंग देतो, म्हणून कोळिणीला ते टाकू देऊ नका. कल्ले मात्र काढाच, नाहीतर रस्सा कडवट होतो. कांदा, लसूण, टोमॅटो आणि बडीशेपेचा ताजा कंद तेलात परतून त्यात डोकी-काटे घाला, संत्र्याच्या सालीचा तुकडा टाका, वर उकळतं पाणी. अर्धा तास पुरे. मग चाळणीवर पळीने दाबून गाळा आणि केशर घाला.

आता मासळी. घट्ट मांसाचे तुकडे आधी, नाजूक पाच मिनिटांनी. बांगडा-पेडवे नकोत, त्यांचं तेल केशराला मारतं. मार्सेतल्या हॉटेलवाल्यांनी 1980 मध्ये केलेल्या सनदेत रास्कास, कॉन्गर अशा ठरावीक माशांपैकी किमान चार हवेत असं आहे. घरी दोन प्रकारांवरही भागतं.

वाढताना रस्सा आणि मासळी वेगवेगळी. सोबत पावाचे कुरकुरीत काप आणि रुई, म्हणजे लसूण, मिरची, केशर, अंड्याचा बलक नि तेल घोटून केलेली दाट चटणी. ती जरा जास्तच करा, आधी तीच संपते.