मुक्काम न हलवता आरव्हीची पाण्याची टाकी कशी भरावी

आरव्हीतला, म्हणजे चाकांवरच्या घरातला, पाण्याचा पंप बोलका असतो. नळ उघडला की गुरगुरतो, बंद केला की गप्प बसतो. टाकी संपली की मात्र नळ बंद असतानाही त्याचं गुरगुरणं थांबत नाही. ओढायला पाणीच नसतं, त्यामुळे पाइपात दाब चढत नाही. हा आवाज ऐकू आला की आधी पंपाचं बटण बंद करायचं. थोडा वेळ कोरडा चालला तर पंप निभावून नेतो, पण रात्रभर चालला तर पंप तरी जातो नाहीतर बॅटरी.

आमच्यावर ही वेळ आली क्वार्ट्झसाइटजवळ. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातलं हे छोटं गाव फिनिक्सहून आय-१० या हमरस्त्याने पश्चिमेला साधारण २०० किलोमीटरवर आहे. हिवाळ्यात थंड राज्यांतली निवृत्त मंडळी चाकांवरची घरं घेऊन इथे उतरतात. भोवतालची बरीचशी जमीन ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या सरकारी खात्याची, म्हणजे बीएलएमची. ठरवून दिलेल्या भागांत १४ दिवस फुकट राहता येतं. तिथे वीज नाही, नळ नाही, संडास नाही आणि शेजार फार तर एखाद्या झुडपाचा. पिकअपला जोडून ओढायच्या आमच्या ट्रेलरची टाकी ३५ गॅलनची, म्हणजे सुमारे १३२ लिटर. आम्ही चौघं होतो: मी, बायको, मुलगा आणि सोलापूरहून आलेली आई. तिसऱ्या संध्याकाळी पंप गुरगुरायला लागला.

ट्रेलर जागेवर, गाडी पाण्याला

पहिल्यांदा मीही ट्रेलर जोडून गावात न्यायला निघालो होतो. म्हणजे आधारपाय वर घ्या, बाहेर सरकवलेली खोली आत घ्या, कपाटं लावा, चहाचा गॅस बंद करा, हिच (ट्रेलर गाडीला अडकवायचा जोड) जोडा. परत येऊन बघतो तर आमच्या डोंगरासमोरच्या जागेवर दुसरंच बिऱ्हाड. शिवाय भरलेली ३५ गॅलनची टाकी म्हणजे १३२ किलो वजन. बऱ्याच ट्रेलरमध्ये ही टाकी चाकांच्या मागे असते. ती भरली की पुढे हिचवरचा भार कमी होतो आणि हमरस्त्यावर ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. तेव्हापासून ट्रेलर हलत नाही, फक्त पिकअप पाण्याला जातो.

मोटरहोम, म्हणजे स्वतःचं इंजिन असलेली आरव्ही, असेल आणि मागे वेगळी गाडी ओढत आणली नसेल तर ही सोय नाही. मग येतानाच शेवटच्या गावात टाकी काठोकाठ भरून घ्यावी आणि दोनेक कॅन जास्तीचे ठेवावेत.

काय काय लागतं

सगळ्यात सोपं साधन म्हणजे पिण्याच्या पाण्याचे कडक प्लास्टिकचे कॅन. ७ गॅलनचा कॅन सर्रास मिळतो, पण भरल्यावर तो साडेसव्वीस किलोचा होतो. कंबर दुखत असेल तर ५ गॅलनचेच घ्या. खेपा वाढल्या तरी चालतील. पिकअप असेल तर पाण्याची पिशवी उत्तम. उशीसारखी जाड पिशवी असते, रिकामी असताना घडी होते, ४५ गॅलनची भरली की मागचा हौदा व्यापते. तिचं वजन १७० किलो होतं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर गाडी किती भार वाहू शकते त्याचा स्टिकर असतो, तो आधी वाचा. पिशवी पट्ट्यांनी आवळा आणि टपावर कधीच ठेवू नका.

नळी पांढरी किंवा निळी, पिण्याच्या पाण्यासाठीची घ्या. बागेची हिरवी नळी उन्हात तापली की पाण्याला रबराचा वास मारतो, आणि वास हा त्यातल्या त्यात कमी त्रासाचा भाग. बरोबर १२ व्होल्टचा छोटा पंप ठेवा. त्याच्या चिमट्यांनी तो गाडीच्या बॅटरीला जोडता येतो. आटे नसलेल्या नळाला नळी बसवण्यासाठी रबरी तोंडाचा अडॅप्टरही लागतो. तो चार-पाच डॉलरचा असतो, आणि नसला की मोकळ्या हाताने परत यावं लागतं.

पंप घ्यायचा नसेल तर आपल्याकडे पिंपातून रॉकेल काढायचा प्लास्टिकचा हातपंप असायचा, तसाच इथेही मिळतो. नवाकोरा घ्या आणि पाण्याशिवाय कशालाही लावू नका.

घर सोडण्याआधी टाकी निर्जंतुक करा. त्याचं माप ठरलेलं आहे: १५ गॅलनला पाव कप, सुगंध न घातलेलं साधं ब्लीच. आमच्या टाकीला अर्धा कप आणि वर थोडंसं. ते बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत ओता, टाकी भरा, प्रत्येक नळाला ब्लीचचा वास येईपर्यंत पाणी सोडा आणि निदान चार तास तसंच राहू द्या. मग सगळं काढून टाका आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने खळबळवा. हे काम वाळवंटात करू नका, तिथे तेवढं पाणी असतं कुठे?

पाणी कुठलं घ्यायचं

क्वार्ट्झसाइटला पाणी विकत मिळतं: आरव्ही पार्कांत, पाण्याच्या दुकानांत, नाणी टाकायच्या मशिनांवर. टँकरवालेही आहेत, ते थेट तुमच्या दाराशी येऊन टाकी भरून देतात. गावाच्या दक्षिणेला बीएलएमचाच ला पोसा नावाचा दीर्घ मुक्कामाचा भाग आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिलच्या हंगामात तिथे परवाना काढून राहणाऱ्यांसाठी पाणी आणि डंप स्टेशनही (मैलापाणी सोडायची जागा) आहे. दुसऱ्या गावी असाल तर आधी बीएलएमच्या किंवा वनखात्याच्या कार्यालयात विचारा, मग पेट्रोल पंपावर, मग कॅम्पग्राउंडच्या राखणदाराला. न विचारता कुणाच्याही नळाला नळी लावू नये. वाळवंटात पाण्यावरून माणसं लवकर तापतात.

गावाच्या स्मशानभूमीत दगडी पिरॅमिडवर तांब्याचा उंट उभा आहे. ती हाय जॉली नावाच्या उंटवाल्याची समाधी. १८५६ साली अमेरिकी सैन्याने याच कोरड्या मुलखासाठी उंट आणले, त्यांच्याबरोबर तो आला. सैन्याने आधी पाण्याचा हिशोब केला आणि मग जनावर निवडलं. आम्ही मात्र ३५ गॅलनचं जनावर आधी घेतलं आणि हिशोब नंतर शिकलो.

एका नळाबद्दल मात्र बजावून सांगतो. मैलापाणी सोडायच्या डंप स्टेशनवर दोन नळ असू शकतात. खड्ड्याशेजारचा नळ धुण्यासाठी असतो आणि त्यावर बहुधा 'नॉन-पोटेबल', म्हणजे पिण्याजोगं नाही, असं लिहिलेलं असतं. लोक त्याला लावलेली नळी थेट मैल्याच्या पाइपात घालतात. तिथलं पाणी स्वच्छ असलं तरी नळाचं तोंड नसतं. पिण्याचा नळ वेगळा आणि लांब असतो. पाटी दिसली नाही तर विचारा, विचारायला कुणी नसेल तर पुढे चला.

भरताना

नळाच्या तोंडावर ब्लीचचं पातळ पाणी फवारा, अर्धा मिनिट नळ मोकळा सोडा, मग नळी लावा. नळीची टोकं जमिनीला टेकू देऊ नका. काम झालं की दोन्ही टोकं एकमेकांत फिरवून ठेवायची, म्हणजे आत मुंगी-झुरळ शिरत नाही.

मी पहिला कॅन भरायला घेतला तेव्हा आई म्हणाली, "थांब, आधी वास बघू." ओंजळीत घेऊन तिने वास घेतला, एक घोट तोंडात घोळवला आणि थुंकला. "क्लोरीन आहे. चालेल. भर." पाणी कुठलं याची खात्री असली तरी मी हे अजून करतो.

पाणी शंकास्पद असेल आणि दुसरा पर्यायच नसेल, तर गॅलनला ६ टक्क्यांच्या ब्लीचचे ८ थेंब किंवा ८.२५ टक्क्यांच्या ब्लीचचे ६ थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. गढूळ असेल तर आधी गाळून घ्या आणि थेंब दुप्पट करा. नळीला लावायचा निळा कार्बन फिल्टर चव सुधारतो, जंतू मारत नाही.

टाकीत ओतताना

ट्रेलरच्या बाजूला पाण्याची दोन तोंडं असतात आणि पहिल्यांदा हमखास गोंधळ होतो. आट्यांचं तोंड 'सिटी वॉटर'चं. तिथून पाणी थेट नळांना जातं, टाकीत नाही. झाकणाचं रुंद तोंड टाकीचं. आपल्याला ते हवं. काही नव्या ट्रेलरांत एकच जोड आणि वर फिरवायची खुंटी असते, तिथे खुंटी टाकी भरण्याच्या खुणेवर आणायची.

आता ओतण्याआधी ट्रेलरखाली वाका आणि टाकीचा निचऱ्याचा नळ बंद आहे का ते हाताने बघा. हे मी लिहितोय कारण मी ते केलं नव्हतं. निघताना टाकी धुऊन तो नळ उघडा ठेवला, मग घाईत अर्धवट फिरवला. क्वार्ट्झसाइटला पहिले तीन कॅन ओतून झाल्यावर मुलगा ओरडला, "बाबा, मधमाश्या!" ट्रेलरखालच्या वाळूत परातीएवढी ओल पसरली होती आणि तिच्या कडेने मधमाश्या ओळीने बसून पाणी पीत होत्या. वाळवंटात मधमाशीला पाण्याचा पत्ता माणसाच्या आधी लागतो. वीस गॅलन गेले होते.

नळी तोंडात बोटभरच घाला. खोल खुपसली की आतली हवा बाहेर यायला जागा उरत नाही आणि टाकी ढेकर देऊन पाणी तुमच्या अंगावर फेकते. पंप मिनिटाला ३ गॅलनचा असला तरी वेग कमीच ठेवा. पंप नसेल तर तोटीचा कॅन टाकीच्या तोंडापेक्षा उंच, टेबलावर किंवा शिडीवर ठेवून तोटीला नळी लावा. वेळ लागतो, पण उचलून ओतण्यात निम्मं पाणी सांडतं त्यापेक्षा बरं.

ट्रेलर तिरका असेल तर टाकी अर्धी असतानाच तोंडातून पाणी येतं. शेजारच्या हवेच्या छिद्रातून पाणी यायला लागलं की थांबा. आतल्या पट्टीवरचे दिवे 'एक तृतीयांश', 'दोन तृतीयांश' एवढंच सांगतात आणि तेही मनाला येईल तसं. खरा हिशोब ओतलेल्या कॅनांचा.

मग पंप चालू करा आणि सगळे नळ एकेक करून उघडा. आधी फुरफुर हवा येते, मग धार. गरम पाण्याचाही नळ उघडा. विजेवरचा गीझर टाकीत पाणी नसताना चालू केला तर त्याची कॉइल जळते.

किती भरायचं आणि कसं पुरवायचं

आणलेलं पाणी वापरून कुठेतरी जातं. ते जातं ग्रे टाकीत, म्हणजे बेसिन आणि अंघोळीच्या सांडपाण्याच्या टाकीत. ती भरत आली असेल तर वर ३५ गॅलन ओतून उपयोग नाही. सांडपाणी वाळवंटात सोडून देऊ नका, दंड होऊ शकतो. ग्रे टाकीत जागा किती ते आधी बघा आणि मग पाण्याला निघा. काही जण चाकांचा डबा ट्रेलरखाली लावून ग्रे पाणी त्यात काढतात आणि पाणी आणायच्या खेपेतच डंपवर रिकामा करतात. तो डबा आणि पिण्याचे कॅन एकमेकांना चिकटून ठेवू नका.

पाणी पुरवायचं कसं हे मला ज्यांनी शिकवलं त्यांना आरव्ही म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. सोलापूरला नळाला दिवसाआड नाही, चार-चार दिवसांनी पाणी यायचं. आईने पहिल्याच दिवशी ताटं कागदाने पुसून मग धुवायला लावली. तांदूळ धुतलेलं पाणी तिने बादलीत धरलं आणि ते संडासात गेलं. गरम पाणी येईपर्यंत नळातून जे थंड पाणी वाया जातं, त्याखाली पातेलं ठेवलं. अंघोळीला शॉवर नाही, दोन तांबे. त्या ३५ गॅलनांत आम्ही पुढचे साडेपाच दिवस काढले.

दाराच्या आतल्या बाजूला मी चिकटपट्टी लावून ठेवली आहे. प्रत्येक वेळी तारीख आणि ओतलेले गॅलन लिहितो, म्हणजे पुढची खेप कधी ते आधी कळतं. त्यातली एक ओळ आईच्या अक्षरात आहे. तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर असते तशीच: 'सोमवार. पाणी आलं.'