वाळवंटात बसून निसर्गचित्र: आधी सावली धरा

वाळवंटात जलरंगांनी रंगवायला सकाळचे फार तर तीन तास मिळतात आणि संध्याकाळचे दोन. मधल्या वेळी सूर्य डोक्यावर आला की सावल्या पायाखाली जातात आणि सगळी वाळू धुतलेल्या चादरीसारखी सपाट दिसते. आर्ट कॅम्पमध्ये दुपारी झोपा, कागद ताणून ठेवा, पेन्सिलने टोनचे, म्हणजे उजेड-सावलीच्या छटांचे, छोटे अभ्यास करा. रंगाला हात लावू नका.

जागा आदल्या संध्याकाळी हेरा. पण जी बाजू संध्याकाळी उजळलेली असते तीच सकाळी सावलीत असणार, हे लक्षात ठेवून चित्र मनात उलटं करून बघा. आणि जी टेकडी रंगवायची तिच्यावर कॅम्पमधल्या कुणालाही चढू देऊ नका, हे जेवणाच्या वेळीच सगळ्यांना सांगून टाका. पावलांच्या एका रांगेने तिचा अख्खा कणा, म्हणजे माथ्याची धार, मोडतो.

पहाटे अंधुक उजेडातच जाऊन बसा. कागद मात्र सावलीत हवा. पहिल्या कॅम्पला मी भर उन्हात बोर्ड मांडीवर घेऊन रंगवलं. तिथे चित्र झगझगीत दिसत होतं, तंबूत आणून टेकवलं तर काळवंडलेलं. उन्हात पांढरा कागद इतका तळपतो की प्रत्येक छटा फिकी वाटते आणि हात आपोआप गडद लावत जातो. म्हणून पांढरी किंवा करडी छत्री न्या. रंगीत छत्रीचा रंग कागदावर उतरतो. रंगीत काचांचा गॉगलही नको, रुंद काठाची टोपी बरी. अमेरिकन चित्रकार जॉर्जिया ओकीफ न्यू मेक्सिकोच्या रखरखाटात आपल्या गाडीचाच स्टुडिओ करून आत बसून रंगवायची, ते उगीच नाही.

आता रेखाटन. वाळूच्या टेकड्या आपण सवयीने फार उभ्या काढतो. वाऱ्याकडची बाजू लांबट, मंद चढाची असते. पलीकडच्या बाजूने वाळू घसरते, तरी तिचा उतारही ३० ते ३४ अंशांच्याच आसपास असतो, त्याहून उभी कोरडी वाळू टिकतच नाही. हात लांब करून ब्रश डोळ्यांसमोर त्या उताराच्या रेषेत धरा आणि तोच कोन कागदावर आणा.

मग सावलीची कड. पहिल्या दहा मिनिटांत ती हलक्या पेन्सिलने पक्की करा, कोपऱ्यात वेळ लिहा आणि नंतर समोर काहीही बदललं तरी ती रेघ हलवू नका. सावलीच्या मागे धावलात की एका चित्रात तीन सूर्य दिसायला लागतात.

सावलीचा रंग नीट बघायला मी शिकले तेव्हाच माझी वाळू वाळूसारखी दिसायला लागली. कण्याजवळ ती निळसर जांभळी असते, कारण तिच्यावर उघड्या आकाशाचा उजेड पडतो. खाली उतरता उतरता समोरच्या उन्हातल्या वाळूचा उजेड तिच्यात शिरतो आणि ती गुलाबट तपकिरी होत जाते. वर अल्ट्रामरीन निळा जास्त, खाली तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना जास्त, आणि दोन्ही ओल्यातच एकमेकांत मिसळू द्यायचे. उन्हातल्या वाळूला यलो ऑकर या मातकट पिवळ्याचा वॉश, म्हणजे पाणीदार पातळ थर, पुरतो. ऑकर, सिएना हे रंग लोहाच्या ऑक्साइडचेच आणि वाळूची तांबूस पिवळी झाकही त्याचीच, म्हणून ते इतके सहज जुळतात.

अडचण अशी की कोरड्या हवेत वॉश बघता बघता सुकतो. रंग आधीच भरपूर कालवून ठेवा, कागद मागूनही ओला करा, पाण्यात ग्लिसरीनचे दोन-तीन थेंब टाका. वाळूचे कण चिकटले तर पुसू नका. वाळल्यावर कोरड्या ब्रशने झटका.

दूरचे डोंगर निळे-धूसर करायची आपली सवय इथे फसवते. हवेत फारसं बाष्प नसल्याने ते कडक, स्पष्ट दिसतात. दिसतात तसेच रंगवा. धूळ उठली असेल तर उलट ते पिवळट होतात.

ईझलच्या, म्हणजे चित्र ठेवायच्या तिवईच्या, मधोमध सॅक लटकवा म्हणजे वाऱ्याने उलटणार नाही. प्यायचं पाणी आणि रंगाचं पाणी वेगळं ठेवा आणि तहान लागायच्या आधी प्या. बूट घालण्याआधी झटका, आत विंचू असू शकतो. कुठल्या दिशेला बसणार ते कॅम्पवर सांगून निघा, परतीच्या पाऊलखुणा वारा पुसतो.

रात्री सगळ्यांची चित्रं मांडून बघताना आपलं चित्र सुधारायचा मोह होतो. त्याला हात लावू नका, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच जागी नवा कागद घ्या. मागच्या कॅम्पला मी एकच टेकडी चार सकाळी रंगवली. पाचव्या पहाटे पोचले तेव्हा रात्रभराच्या वाऱ्याने तिचा कणा चांगला हातभर सरकला होता आणि पावलांच्या सगळ्या खुणा गेल्या होत्या. पेन्सिलला टोक केलं आणि पुन्हा उतारावर ब्रश धरला.