बॅकअप जॉब फसल्यावर: सर्व्हर आणि नॅसच्या बॅकअपमधील बिघाड शोधण्याची रीत

रात्री सुरू झालेला जॉब, म्हणजे वेळापत्रकानुसार आपोआप चालणारे बॅकअपचे काम, सकाळी लाल अक्षरांत दिसला की हात आपोआप ‘पुन्हा चालवा’ या बटणाकडे जातो. ते दाबण्याआधी त्या जॉबच्या सगळ्या लॉगची (यंत्राने ठेवलेल्या घटनांच्या नोंदींची) प्रत बाजूला काढून ठेवावी. बऱ्याच प्रणालींमध्ये लॉग ठरावीक आकाराचा झाला की जुन्या नोंदींवर नव्या नोंदी लिहिल्या जातात, त्यामुळे दुसऱ्या प्रयत्नाच्या गडबडीत पहिल्या अपयशाचा पुरावाच नाहीसा होतो. दुसरा प्रयत्न यशस्वी झाला तर पंचाईत आणखी वाढते, कारण बिघाड कायम राहतो आणि त्याचा माग मात्र पुसला जातो.

लॉग वाचताना शेवटच्या ओळीपाशी थांबू नये. ‘जॉब रद्द झाला’ किंवा ‘जोडणी तुटली’ ही शेवटची ओळ बहुधा परिणाम सांगते. कारण सापडते ते पहिल्या इशाऱ्यात, आणि तो इशारा कधी कधी तासभर आधीचा असतो. म्हणून वरून खाली वाचत जावे आणि पहिली विसंगत ओळ कोणत्या यंत्रावर, किती वाजता उमटली हे टिपून घ्यावे. बॅकअप सर्व्हर, ज्याचा बॅकअप घ्यायचा तो सर्व्हर आणि साठवणुकीचे यंत्र या तिघांचे लॉग शेजारी शेजारी ठेवून वेळा जुळवाव्यात. इथेच तिघांची घड्याळे एकमेकांशी जुळतात की नाही हेही कळते. ती जुळत नसतील तर निव्वळ वाचनाची गैरसोय होते असे नाही: कर्बेरॉस या, नेटवर्कवर वापरकर्त्याची ओळख पटवणाऱ्या पद्धतीच्या तपासणीत साधारणपणे ५ मिनिटांपर्यंतचाच फरक खपवून घेतला जातो, त्यापुढे अचूक पासवर्ड असूनही प्रवेश नाकारला जातो.

आता बिघाडाची व्याप्ती ठरवावी. एकाच सर्व्हरचा जॉब फसला असेल तर संशय त्या सर्व्हरवर घ्यावा. एकाच साठ्याकडे जाणारे सगळे जॉब फसले असतील तर साठ्यावर घ्यावा. ठरावीक वेळेलाच वेगवेगळे जॉब कोलमडत असतील तर त्या वेळी चालणारी अन्य कामे पाहावीत: विषाणूप्रतिबंधक तपासणी, पॅच लावणे, साठ्याची अंतर्गत साफसफाई. त्यानंतर विचारावे की काल आणि आज यांच्यात काय बदलले. पासवर्डची किंवा प्रमाणपत्राची मुदत संपणे, फायरवॉलच्या नियमातील ‘किरकोळ’ दुरुस्ती, एखाद्या व्हर्च्युअल डिस्कचा वाढवलेला आकार ही उत्तरे वारंवार मिळतात. ‘काहीच बदललेले नाही’ या उत्तरावर मी अद्याप कधीही विसंबलेलो नाही. कोणता टप्पा अडखळला हे निश्चित होईपर्यंत एकही सेटिंग बदलू नये, आणि बदलायचे झाल्यास एका वेळी एकच बदलावे.

स्रोत-सर्व्हरवरील तपासणी

विंडोज सर्व्हरवर सर्वाधिक तक्रारी व्हॉल्यूम शॅडो कॉपी सेवेशी निगडित असतात. ही सेवा डेटाबेस, मेल यांसारख्या प्रोग्रॅमना क्षणभर लेखन थांबवायला सांगते आणि त्या स्थिर अवस्थेची प्रत घेते. प्रोग्रॅमना ही गोठलेली अवस्था जास्तीत जास्त ६० सेकंदच ठेवता येते, तर फाइल प्रणालीवरील लेखन १० सेकंदांपेक्षा अधिक काळ रोखून धरले जात नाही. डिस्क आधीच कामाच्या ओझ्याखाली दबलेली असेल तर ही मर्यादा ओलांडली जाते आणि बॅकअप फसतो, म्हणजेच दोष बॅकअप सॉफ्टवेअरचा नसून डिस्कच्या संथपणाचा असतो. प्रशासकाच्या कमांड खिडकीत ‘व्हीएसएस ॲडमिन’ या साधनाने ‘रायटर’ची, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमच्या वतीने या सेवेशी बोलणाऱ्या घटकांची, यादी मागवावी. प्रत्येक रायटरची अवस्था स्थिर असावी आणि त्याच्यासमोर शेवटची त्रुटी नोंदलेली नसावी. एखादा रायटर अपयशी दिसत असेल तर संपूर्ण सर्व्हर बंद-चालू करण्याऐवजी त्या रायटरशी संबंधित सेवा तेवढी, कामकाजाची वेळ पाहून, पुन्हा सुरू करावी. शॅडो प्रतींसाठी राखून ठेवलेली जागाही तपासावी. ती वाढू शकली नाही तर विंडोज चालू प्रतच टाकून देते आणि वाचन मध्येच थांबते.

डेटाबेसच्या बाबतीत एक चूक इतकी सहज घडते की तिच्यापाशी थोडे थांबणे भाग आहे. एसक्यूएल सर्व्हरवरील पूर्ण रिकव्हरी पद्धतीच्या डेटाबेसचे ट्रान्झॅक्शन लॉग (डेटाबेसमधील बदलांच्या क्रमवार नोंदी) साखळीसारखे असतात, आणि कोणत्याही क्षणापर्यंत परत जायचे तर त्या साखळीतील प्रत्येक कडी हाताशी लागते. समजा, मुख्य बॅकअप सॉफ्टवेअर दर तासाला लॉगचा बॅकअप घेत आहे आणि डेटाबेस सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने काळजीपोटी स्वतःचे वेगळे वेळापत्रकही लावलेले आहे. दोन्ही जॉब हिरवे दिसतात, दोन्ही बाजूंना समाधान असते, पण साखळीच्या काही कड्या एका ठिकाणी आणि उरलेल्या दुसऱ्या ठिकाणी जातात, आणि कोणत्याही एका ठिकाणाहून पूर्ण रिस्टोअर होत नाही. तीच गत कोणी मध्येच वेगळ्याने घेतलेल्या पूर्ण बॅकअपची. तो ‘कॉपी ओन्ली’ (नेहमीच्या क्रमात न धरल्या जाणाऱ्या) प्रकारे घेतला नाही तर पुढचे डिफरन्शियल बॅकअप (शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतरचे बदल तेवढे घेणारे) त्याच्यावर आधारले जातात, आणि तो बॅकअप तर मुख्य प्रणालीच्या ताब्यात नसतो. त्यामुळे लॉगचा बॅकअप नेमके कोण घेते हे लेखी ठरवून ठेवावे.

व्हर्च्युअल यंत्रांच्या बॅकअपमध्ये बदललेल्या ब्लॉकचा माग ठेवण्याची सोय वापरली जाते. त्यामुळे वेळ खूप वाचतो, पण माग चुकला तर चूक नजरेस येत नाही. व्हीएमवेअरच्या काही आवृत्त्यांमध्ये व्हर्च्युअल डिस्क वाढवताना तिचा आकार १२८ जीबी, २५६ जीबी अशा टप्प्यांपलीकडे गेल्यास बदललेल्या ब्लॉकची यादी चुकीची मिळत असे, आणि जॉब तरीही यशस्वी दिसत असे. अशी शंका आल्यास माग ठेवण्याची सोय बंद करून पुन्हा चालू करावी आणि नवा पूर्ण बॅकअप घ्यावा. मागे राहून गेलेले स्नॅपशॉटही (एका क्षणाच्या अवस्थेच्या गोठवलेल्या प्रती) शोधून एकत्र करावेत, नाहीतर ते गुपचूप वाढत जाऊन डेटास्टोअर, म्हणजे व्हर्च्युअल यंत्रांच्या डिस्क ठेवण्याची जागा, भरतात.

नेटवर्क

पहिली तपासणी नावांची. बॅकअप सर्व्हरवरून क्लायंटचे (ज्याचा बॅकअप घ्यायचा त्या यंत्राचे) नाव कोणत्या पत्त्याला जाते आणि तो पत्ता उलट शोधल्यास तेच नाव मिळते का, हे दोन्ही दिशांनी, दोन्ही यंत्रांवरून पाहावे. जुन्या होस्ट फाइलमध्ये विसरलेली एक ओळ डीएनएसला (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला) बाजूला सारते आणि दिवसभर वेठीस धरते. दुसरी तपासणी पोर्टची, म्हणजे प्रत्येक सेवा ज्या क्रमांकाच्या दारावर ऐकते त्याची. यंत्र पिंगला उत्तर देते म्हणून त्याचा पोर्ट उघडा आहे असे ठरत नाही. फाइल शेअरिंगच्या एसएमबीसाठी ४४५ आणि एनएफएससाठी २०४९, नेटवर्कवरून डिस्क जोडणाऱ्या आयस्कझीसाठी ३२६०, नॅसच्या बॅकअपसाठीच्या एनडीएमपीसाठी १०००० हे नेहमीचे पोर्ट आहेत. बॅकअप सॉफ्टवेअरपैकी बॅक्युला ९१०१ ते ९१०३ वापरते, तर नेटबॅकअपला १५५६ लागतो. विंडोजच्या आरपीसी (दुसऱ्या यंत्रावरील प्रोग्रॅमला काम सांगण्याच्या) संवादासाठी १३५ उघडा ठेवणे पुरेसे नाही, कारण प्रत्यक्ष बोलणे पुढे ४९१५२ ते ६५५३५ यांपैकी कोणत्याही पोर्टवर सरकते. शक्य असल्यास ही श्रेणी सॉफ्टवेअरमधून मर्यादित करून फायरवॉलमध्ये तेवढीच खुली करावी.

जॉब नेहमी साधारण एकाच कालावधीनंतर, म्हणजे सुरू झाल्यावर तासाभराने किंवा दोन तासांनी तुटत असेल, तर फायरवॉलच्या निष्क्रिय जोडणीच्या मुदतीवर संशय घ्यावा. मोठ्या बॅकअपमध्ये माहिती एका जोडणीवरून वाहत असते आणि आज्ञांची दुसरी जोडणी तासन् तास गप्प असते. कित्येक फायरवॉल अशी गप्प जोडणी एका तासानंतर विसरून जातात. लिनक्स किंवा विंडोज मात्र जोडणी जिवंत आहे का हे विचारणारा पहिला संदेश मूळ सेटिंगनुसार दोन तासांनी, म्हणजे ७२०० सेकंदांनी पाठवतात. तोपर्यंत मधला दुवा तुटलेला असतो, आणि सगळी माहिती सुखरूप पोहोचल्यावर ‘काम झाले’ एवढे सांगायला गेलेला संदेश हरवतो. यावर उपाय म्हणून दोन्ही टोकांवर हा कालावधी फायरवॉलच्या मुदतीपेक्षा बराच कमी, उदाहरणार्थ ९०० सेकंद, ठेवावा. मात्र ज्या प्रोग्रॅमने आपल्या जोडणीवर ही सोय मागितलेली असते त्यालाच ती लागू होते, म्हणून सॉफ्टवेअरमधील तत्सम पर्यायही चालू करावा.

जोडणी होते, छोटे संदेश जातात आणि माहिती वाहू लागताच सारे ठप्प होते, असे दिसल्यास जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठ्या आकाराचे नेटवर्क-संदेश) तपासावेत. दोन्ही टोकांना ९००० बाइटची मर्यादा असून मधल्या एखाद्या स्विचवर ती १५०० असेल तर असे होते. तुकडे न करण्याची अट घालून ८९७२ बाइटचा पिंग पाठवला की लगेच उलगडा होतो. उरलेले २८ बाइट शीर्षकांत जातात.

नॅसचे वेगळे प्रश्न

नॅसचा, म्हणजे नेटवर्कवरून फाइली पुरवणाऱ्या साठवणूक यंत्राचा, बॅकअप सर्व्हरसारखाच समजणे हे अर्ध्या अडचणींचे मूळ असते. विंडोजच्या सेवेला वापरकर्त्याने जोडलेले ड्राइव्ह-अक्षर दिसत नाही, त्यामुळे जॉबमध्ये शेअरचा पूर्ण नेटवर्क मार्ग द्यावा. त्रुटी ५३ आली तर मार्ग किंवा नाव सापडत नाही असे समजावे, ५ आली तर परवानगी नाही, आणि १३२६ आली तर नाव किंवा पासवर्ड चुकला. १२१९ ही त्रुटी मात्र गोंधळात टाकते: त्याच नॅसशी त्याच सत्रातून आधीच वेगळ्या नावाने जोडणी झालेली आहे, असा तिचा अर्थ असतो. अशा वेळी जुनी जोडणी तोडावी किंवा सर्व जॉबसाठी एकच सेवा-खाते वापरावे. एनएफएसवर रूटने वाचूनही परवानगी नाकारली जात असेल तर निर्यातीतील ‘रूट स्क्वॉश’ पाहावे. त्यात रूटचे रूपांतर एका सामान्य अनामिक वापरकर्त्यात होते. ही अट सरसकट काढू नये, केवळ बॅकअप सर्व्हरच्या पत्त्यापुरती शिथिल करावी.

उघड्या फाइली वगळल्या जात असतील तर चालू शेअर वाचण्याऐवजी नॅसचा स्नॅपशॉट वाचावा. एनडीएमपीने घेतलेल्या बॅकअपमधील माहितीची मांडणी उत्पादकानुसार बदलते, त्यामुळे एका उत्पादकाच्या नॅसचा असा बॅकअप दुसऱ्याच्या नॅसवर उतरवता येईल असे गृहीत धरू नये. नॅस बदलण्याचा निर्णय होतो तेव्हा ही गोष्ट कोणाच्याही ध्यानात नसते.

वेग कमी पडतो तेव्हा

आधी गणित करावे. १ गिगाबिटची जोडणी सिद्धान्ततः सेकंदाला १२५ एमबी आणि प्रत्यक्षात सुमारे ११० एमबी देते. त्या वेगाने १० टीबी हलवायला २५ तासांहून अधिक वेळ लागतो, मग बॅकअपसाठी राखलेली आठ तासांची खिडकी कशी पुरणार? गणित जुळत असूनही वेग कमी असेल तर फाइलींची संख्या पाहावी. ५० लाख छोट्या फाइली असतील आणि प्रत्येकीची नोंद पाहायला सरासरी ५ मिलिसेकंद लागत असतील, तर एकही बाइट न हलवता सुमारे सात तास खर्च होतात. अशा ठिकाणी वेगवान नेटवर्क घेऊन फारसा उपयोग नाही, समांतर वाचन किंवा ब्लॉक पातळीवरील बॅकअप घ्यावा. दोष नेमका कुठे आहे हे वेगळे करण्यासाठी आयपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाने निव्वळ नेटवर्क मोजावे, मग स्रोताच्या डिस्कवरून निव्वळ वाचन आणि साठ्यावर निव्वळ लेखन मोजावे. तिघांपैकी सर्वांत लहान आकडा हीच बॅकअपच्या वेगाची कमाल मर्यादा.

साठा आणि टेप

डीडुप्लिकेशन (सारखे तुकडे एकदाच साठवण्याची सोय) असलेला साठा भरला की जुने बॅकअप हटवूनही जागा लगेच मोकळी होत नाही, कारण एकाच तुकड्यावर अनेक बॅकअप अवलंबून असतात आणि कोणालाही न लागणारे तुकडे स्वतंत्र साफसफाईतच काढले जातात. ती साफसफाई पूर्ण होऊ द्यावी. साठ्याच्या फोल्डरमधून हाताने फाइली पुसणे हा सर्वांत महागात पडणारा शॉर्टकट आहे.

टेपवर माहिती पुरेशा वेगाने पोहोचली नाही तर ड्राइव्ह थांबतो, मागे जातो आणि पुन्हा धावतो. यात टेप आणि हेड दोन्ही झिजतात, म्हणून आधी डिस्कवर उतरवून मग टेपवर लिहावे. एलटीओ या टेपप्रकारातील आठव्या पिढीच्या एलटीओ-८ ड्राइव्हला एलटीओ-६ टेप वाचता येत नाही, तेव्हा जुना ड्राइव्ह काढून टाकण्यापूर्वी कपाटातील टेपांवरची लेबले पाहून घ्यावीत.

हिरव्या खुणेची तपासणी

३१ जानेवारी २०१७ रोजी प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या गिटलॅब डॉट कॉम या सेवेचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा रोजचे बॅकअप ठेवण्याची जागा रिकामी आढळली. डेटाबेस पोस्टग्रेस या सॉफ्टवेअरच्या ९.६ आवृत्तीवर होता आणि बॅकअपचे साधन ९.२ आवृत्तीचे चालत होते, म्हणून ते दररोज फसत होते. अपयशाचे ईमेल निघत होते, पण त्यांवर आवश्यक स्वाक्षरी नसल्याने ते नाकारले जात होते. सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट कामी आला आणि तेवढ्या काळातील माहिती गेली. कंपनीने हे सारे स्वतःहून जाहीर केले.

यावरून दोन कामे वेळापत्रकात घालावीत. अपयशाचा इशारा खरोखर पोहोचतो का हे पाहण्यासाठी दर महिन्याला एक जॉब मुद्दाम फसवावा, आणि ‘गेल्या २४ तासांत यशस्वी बॅकअप झालेला नाही’ असा इशारा बॅकअप सर्व्हरबाहेरच्या निरीक्षण यंत्रणेतून द्यावा, कारण जो सर्व्हर बंद पडला आहे तो स्वतःची तक्रार करू शकत नाही. बिघाड दुरुस्त केल्यावरही तिकीट (त्या तक्रारीची नोंद) लगेच बंद करू नये. त्या जॉबमधील एक फाइल, एक डेटाबेस आणि शक्य असल्यास एक संपूर्ण यंत्र वेगळ्या ठिकाणी, मूळ नेटवर्कपासून तोडून रिस्टोअर करावे, त्यातील प्रोग्रॅम उघडून पाहावा, लागलेला वेळ नोंदवावा आणि मगच तिकिटावर बंद झाल्याची तारीख लिहावी.