बंद लोहखाणीत भूविज्ञान शिकताना

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातली एक छोटी, बंद पडलेली लोहखाण घेतली होती. पुढे खाणक्षेत्रात काम करताना त्या अभ्यासाचा जितका उपयोग झाला, तितका एकाही पुस्तकाचा झाला नाही. म्हणून या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

पोर्तुगीज अमलातल्या कन्सेशन्सचे (खाणकामासाठी दिलेल्या हक्कांचे) १९८७च्या कायद्याने खाणपट्टे (खाणींचे भाडेपट्टे) झाले, त्यामुळे इथे एकाला लागून एक अशा लहान लहान खाणी दिसतात. २०१२ मध्ये काम थांबलं, मध्यंतरी थोडं सुरू झालं आणि २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडलं. खाणपट्ट्याची हद्द कागदावर असते. खडक ती पाळत नाही. म्हणून खाणीत उतरण्याआधी परिसराचा भूवैज्ञानिक नकाशा नीट वाचा. गोवा गट नावाच्या खडकांच्या मोठ्या समूहातल्या डिचोली शैलसमूहात हे लोहखनिज आहे, आणि त्या खनिजाच्या पट्ट्यांची दिशा साधारण वायव्य-आग्नेय आहे. हे डोक्यात असलं की खाणीच्या भिंतीवरची प्रत्येक घडी (खडकाचा वाकलेला थर) कुठल्या मोठ्या घडीचा भाग आहे ते उमगायला लागतं.

आता भिंतीकडे या. वर जांभा. त्याखाली लिमोनाइट (पिवळसर तपकिरी लोहखनिज) मिसळलेलं कठीण, ढेकळांचं खनिज. आणखी खाली बोटांनी चुरडणारं खनिज, काही ठिकाणी निळसर राखाडी भुकटी; तिला सगळे ब्लू डस्ट म्हणतात. शेजारी गुलाबी-पिवळी, हाताला मऊ लागणारी फायलाइटची (चिकणमातीपासून बनलेल्या रूपांतरित खडकाची) माती. आणि तळाकडे, पाण्याने झाकलं नसेल तर, हेमॅटाइट (लोहाचं ऑक्साइड) आणि क्वार्ट्‌झ यांचे आलटून पालटून पट्टे असलेला मूळचा टणक खडक.

नवखा विद्यार्थी हे सगळे एकावर एक साचलेले वेगवेगळे थर समजून वहीत उतरवतो. तसं ते नाही. जांभा, ढेकूळ खनिज, भुकटी ही बरीचशी त्याच जुन्या पट्टेदार खडकाची निरनिराळी रूपं आहेत. उष्ण हवेत, भरपूर पावसात, फार दीर्घ काळ पाणी खडकात झिरपत राहिलं. त्याने क्वार्ट्‌झमधली सिलिका हळूहळू विरघळवून नेली, लोहाची ऑक्साइडं मात्र जागीच राहिली. म्हणून भुकटीतही भिंगाखाली जुने पट्टे ओळखू येतात. मला तरी या खाणीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

ओळखीसाठी फार साधनं लागत नाहीत. बिनझिलईच्या चिनी मातीच्या तुकड्यावर कस (खनिज घासल्यावर उमटणाऱ्या रेघेचा रंग) पाहा: हेमॅटाइटचा तांबडा, लिमोनाइटचा पिवळसर तपकिरी. वजनावरूनही कळतं, कारण हेमॅटाइटचं विशिष्ट गुरुत्व सुमारे ५.३, क्वार्ट्‌झचं २.६५. चुंबक जवळ ठेवा. मूळचा मॅग्नेटाइट कुठे शिल्लक असेल तर लगेच सापडतो.

नमुने घेताना चकाकणारे तुकडे वेचू नका. पट्ट्यांना आडवी एकसारखी चर खोदून त्यातला सगळा माल गोळा करा, नाहीतर प्रयोगशाळेतली लोहाची टक्केवारी खाणीची नव्हे, तुमच्या आवडीची असेल. पिशवीवर बेंच (खाणीच्या भिंतीत खोदलेली पायरी), उंची, नती (थराचा उतार) आणि नतिलंब (उताराला काटकोनातली आडवी दिशा) तिथेच लिहा.

खाणपट्टेधारक आणि खाण खात्याची परवानगी नसताना आत जाऊ नका, आणि एकटं तर कधीच नको. बंद खाणीच्या बेंच सुटलेल्या असतात, भुकटीचे कडे पावसानंतर अचानक ढासळतात, खड्ड्यातलं पाणी काठापासूनच खोल असतं. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला.

नोकरीचं म्हणाल तर यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा आणि नागपूरला मुख्यालय असलेलं भारतीय खाण ब्यूरो हे ठाऊक असलेले रस्ते आहेतच. पण भूजलाकडेही बघा. खनिज सच्छिद्र, फायलाइटची माती पाणी अडवणारी. खाण भूजलपातळीखाली गेली आणि उपसा सुरू झाला की आसपासच्या गावांच्या विहिरी खाली जातात. उपसा थांबल्यावर ते पाणी कुठे, किती वेगाने परत येतं हे मोजणाऱ्या माणसांची या गावांना खरी गरज आहे.