नागपुरात बस चालवायचीय? पोरींसाठी थोडं सांगते

एसटी नाहीतर सिटी बसचं स्टेअरिंग हातात घ्यायचं असेल तर पहिले साधं कारचं लायसन काढून ठेवा, कारण ट्रान्सपोर्ट लायसनसाठी (म्हणजे प्रवासी नाहीतर मालाच्या गाड्या चालवायचं लायसन) ते किमान 1 वर्ष जुनं लागते आणि वय 20 पूर्ण पाहिजे. मग ड्रायव्हिंग स्कूलचा फॉर्म 5 (शिकल्याचा दाखला) अन् डॉक्टरचा फॉर्म 1-ए (तब्येतीचा दाखला) लागते. शहरात एमएच 31 अन् एमएच 49 अशी दोन आरटीओ आहेत, तुमचा पत्ता कुठं येतो ते आधी बघा, नाहीतर उन्हात हेलपाटे.

खरी मेहनत क्लचची. पहिल्या दिवशी माझा डावा पाय संध्याकाळपर्यंत थरथरत होता, अन् शिकवणारा म्हणे, "ताई, स्कूटीच बरी". मी सीट पुढं ओढली, पाठीमागे उशी ठेवली, झालं काम! टाच खाली टेकवून पंजानं दाबायचं, आणि वळताना आरशात मागचं चाक दिसतंय का बघत राहायचं, बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) गर्दीत तर हे फारच लागते.

नोकरी घेण्याआधी डेपोत बायकांचं बाथरूम कुठंय ते स्वतः जाऊन बघा, लाजू नका.

घरचे कुरकुरले तर साताऱ्याच्या सुरेखा यादवांचं सांगा, 1988 मध्ये देशातल्या पहिल्या महिला लोको पायलट (रेल्वेचं इंजिन चालवणाऱ्या) झाल्या, 2023 मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. माझी सासू हे ऐकून गप्पच बसली, डबा मात्र अजून मीच भरते.