मसाई माराला निघण्याआधी

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जायचं तर पहिलं काम पिवळ्या तापाच्या लसीचं. केनियाला निघायच्या किमान 10 दिवस आधी ती घ्या आणि मिळालेलं पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा. परतताना आपल्याच विमानतळावर ते मागतात; नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात बसावं लागतं. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

सामानात मी फसले. चाकांची कडक बॅग घेऊन नैरोबीच्या विल्सन विमानतळावर पोचले, तर छोट्या विमानात फक्त 15 किलो, तेही मऊ बॅगेत! अर्धे कपडे हॉटेलात ठेवले. खाकी, मातकट रंग बरे. गडद निळा-काळा नको, चावणाऱ्या त्सेत्से माश्या त्यावर धावतात.

आफ्रिका म्हणजे ऊन, म्हणून स्वेटर नेलाच नव्हता. मारा 1500 मीटरांच्या आसपास उंचीवर आहे. पहाटे उघड्या जीपमध्ये दात वाजतात. माकडटोपी खुशाल न्या, सिंह हसत नाहीत.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू डब्यात भरा. आणि दुर्बीण प्रत्येकाची वेगळी हवी. आमच्या दोघांत एकच होती. बिबट्या झाडावरून उतरला तेव्हा ती यांच्या डोळ्यांना होती.