नॉमिनीचं नाव आणि भावंडांचा हिस्सा: मुंबईतला फ्लॅट वारसांच्या नावावर करताना

वडील गेल्यावर सोसायटीच्या ऑफिसात पहिला प्रश्न येतो, "नॉमिनेशन कोणाचं आहे?" ज्याचं नाव निघतं त्याला वाटतं फ्लॅट आपला झाला, आणि बाकीच्यांना वाटतं आपण गेलो. दोन्ही समज चुकीचे आहेत. कोर्टात जाणाऱ्या बऱ्याच भांडणांचं मूळ याच ठिकाणी असतं.

नॉमिनी म्हणजे वारसांच्या वतीनं मिळकत सांभाळणारा माणूस. सर्वोच्च न्यायालयानं विम्याच्या पॉलिसीबद्दल हे 1983 सालीच सांगितलं, आणि कंपन्यांच्या शेअर्सबद्दल डिसेंबर 2023 मध्ये. सोसायटीच्या फ्लॅटसाठी 2019 साली महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात कलम 154ब-13 आलं. त्यानुसार नॉमिनीला फक्त तात्पुरतं सदस्य करून घ्यायचं, तेही खरे वारस किंवा मृत्युपत्रानुसार हक्कदार ठरलेले लोक सदस्य होईपर्यंत. त्यामुळे शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या रकान्यात नाव चढलं, तरी इतर भावंडांचा हिस्सा बुडत नाही.

सुरुवात कागदांपासून करा. मूळ करारनामा, त्याचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा सारांश उतारा), शेअर सर्टिफिकेट, मृत्यूचा दाखला आणि मेंटेनन्सची शेवटची पावती एका फाईलमध्ये आणा, आणि या पाचही कागदांवरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. करारात 'सुरेश', दाखल्यावर 'सुरेशचंद्र' असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आत्ताच करून ठेवा. हा फरक बहुधा विक्रीच्या वेळी, खरेदीदाराच्या बँकेचा वकील दाखवतो, आणि तेव्हा तुमच्या हातात वेळ नसतो.

नॉमिनेशन असेल तर आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, नॉमिनीनं मृत्यूनंतर सहा महिन्यांत सदस्यत्वासाठी अर्ज करायचा असतो. नसेल तर कमिटीनं मृत्यूची माहिती मिळाल्यापासून महिन्याभरात नोटीस बोर्डावर आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देऊन दावे-हरकती मागवायच्या. वारसांचं एकमत असेल तर प्रतिज्ञापत्र आणि क्षतिपूर्ती बंधपत्रावर (पुढे सोसायटीचं नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी) काम होतं. एकमत नसेल तर सोसायटी कोर्टाचा कागद मागणारच, तिथे सेक्रेटरीशी वाद घालून उपयोग नाही. मात्र वारसाच्या किंवा नॉमिनीच्या नावावर करताना ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे नाव बदलण्यासाठी सोसायटी घेते ती रक्कम, घेता येत नाही, हे त्याला ठामपणे सांगा. प्रत्येक पत्राच्या स्थळप्रतीवर सोसायटीचा आवक शिक्का आणि तारीख घ्या.

आता हिश्श्यांचा हिशोब. चूक होते ती इथे, आणि ती बहुधा आजीला विसरल्यामुळे होते. मृत्युपत्र न करता वारलेल्या हिंदू पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि सगळ्यांचा हिस्सा सारखा. (वडील पहिल्या वर्गात येत नाहीत.) समजा मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि गावी राहणारी म्हातारी आई आहे. पाच वारस, प्रत्येकी 20 टक्के. कोणी आईला मुंबईला बोलावत नाही, सही घेत नाही. चार वर्षांनी ती जाते. आजोबा आधीच वारलेले. तिचे 20 टक्के आता तिच्या मुलांकडे जातात: काका, आत्या आणि मेलेल्या मुलाची शाखा अशा तीन वाटा. काका आणि आत्या प्रत्येकी एक-पंधरांशाचे सहमालक झाले, आणि फ्लॅट विकताना त्यांच्याही सह्या लागणार. आजी हयात असताना एका सहीत होणारं काम आता दोन घरांच्या संमतीवर अडतं. मुलीचं लग्न झालं म्हणून तिचा हिस्सा कमी होत नाही, हे आता बहुतेकांना माहीत असतं. ते मान्य करणं मात्र जड जातं.

एकाच्या नावावर करायचं ठरलं तर हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सहमालकासाठी सोडल्याचा दस्त, करा. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं, सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत. सोसायटीला दिलेलं ना-हरकत पत्र किंवा नोटरी केलेलं स्टॅम्पपेपरवरचं 'मला काही नको' यानं मालकी हलत नाही. पुढे बहिणीनं किंवा तिच्या मुलांनी वाटणीचा दावा लावला, की असल्या कागदाची किंमत कळते. मसुद्यात हे तपासा: हक्क कोणाच्या लाभात सोडला त्याचं नाव आहे का (नसेल तर तो उरलेल्या सगळ्या सहमालकांना जातो), सोडलेला हिस्सा आकड्यात लिहिला आहे का, फ्लॅटच्या वर्णनात शेअर सर्टिफिकेटचा क्रमांक आणि शेअर्सचे 'पासून–पर्यंत' क्रमांक आले आहेत का. हक्कसोड फक्त सहमालकाच्या लाभात होते. भाऊ हयात असताना त्याच्या मुलाला हिस्सा द्यायचा असेल तर ते बक्षीसपत्र, हक्कसोड नाही.

मुद्रांक शुल्क किती, हे मिळकत वडिलोपार्जित धरली जाते का, नातं कोणतं आणि पैसे घेतले का यावर ठरतं. फरक काही शे रुपयांपासून काही लाखांचा असू शकतो. म्हणून मसुदा आधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क किती ते अधिकृतपणे ठरवून घेण्यासाठी, पाठवा. परदेशातल्या भावंडाचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्या आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरा.

मृत्युपत्र असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्या पाहा. एकाच्या सहीवर ते टिकत नाही. नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदवलेल्या मृत्युपत्रालाही आव्हान देता येतं. सगळा फ्लॅट ज्याला मिळतो त्यानंच वकील आणला, त्यानंच साक्षीदार जमवले, असं दिसलं की कोर्ट ते बारकाईनं तपासतं. फ्लॅट आई-वडील दोघांच्या नावावर असेल तर वडिलांना मृत्युपत्रानं फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावरची कोर्टाची मोहोर, मिळालं तरी त्यातून मृत्युपत्र खरं एवढंच ठरतं; फ्लॅट मुळात वडिलांचाच होता का, हा प्रश्न प्रोबेट कोर्ट सोडवत नाही.

वर्षानुवर्षं झाकून राहिलेलं भांडण पुनर्विकासात वर येतं. बिल्डरचं भाडं, कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम) आणि नव्या फ्लॅटचा करार हे सगळं सोसायटीच्या नोंदीतल्या नावानं होतं, म्हणजे तात्पुरत्या सदस्याच्या. वारसांची नोंद झाली नसेल तर वैयक्तिक करारावर सह्या होण्यापूर्वी सोसायटी आणि बिल्डर दोघांनाही लेखी कळवा: वारस कोण, कोणाचा हिस्सा किती, भाडं कोणत्या प्रमाणात कोणाच्या खात्यात जावं.

पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेहक्काच्या जागेचं गणित निराळं. भाडेकरू वारल्यावर राहत्या जागेत पहिला मान त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा, म्हणून रेशनकार्ड, मतदार यादी आणि गॅसची बिलं जपून ठेवा आणि भाडेपावती लवकर नावावर करून घ्या. भाडेहक्क मृत्युपत्रानं देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली 1994 साली ठरवलं आहे. दुकान दोघा भावांच्या भागीदारीत असेल तर एक वारताच फर्म संपते, कारण एका माणसाची भागीदारी असूच शकत नाही. तेव्हा माल, उधारी आणि बँक खात्याचा त्या तारखेचा ताळेबंद काढून वहिनीची सही घ्या, मगच नवी फर्म उभी करा, आणि ती नोंदवा. फर्म नोंदलेली नसेल तर उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर फर्मच्या नावानं दावा लावता येत नाही.

एवढं करून कोणी हटून बसलंच आणि वाटणीचा दावा लावावा लागला, तर मुंबईपुरतं एक खास लक्षात ठेवा. दावा चालू असताना कोणी फ्लॅट विकला तर खरेदीदारही निकालाला बांधला जातो, असं वकील सांगतात. मुंबईत ते तेव्हाच लागू होतं, जेव्हा दाव्याची नोटीस, म्हणजे लिस पेंडन्स, दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली असते. 1939 च्या मुंबई दुरुस्तीनं ही अट घातली. दाव्याचा नंबर पडला की त्याच आठवड्यात ती नोंदवून टाका आणि नोंदणीची प्रत सोसायटीला आवक शिक्क्यावर द्या.